चेंडूवरची नजर काढून

२२ नोव्हेंबर २०२२. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले. विश्वचषकात कतारमधल्या लुसैल स्टेडियमवर अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया समोरासमोर उभे होते. अर्जेंटिनाचा संघ सलग ३६ सामने हरला नव्हता, आणि त्यात मेस्सी. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला तेव्हा घराघरांत मंडळी सैलावून बसली. आता गोल मोजायचे, एवढंच काम उरलं होतं. पुढच्या अर्ध्या तासात चेंडू आणखी तीनदा सौदीच्या जाळ्यात गेलाही. एकदा मेस्सीने मारला, दोनदा लौतारो मार्टिनेझने. तिन्ही गोल रद्द झाले. उत्तरार्धात सौदीने पाच मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले आणि सामना २-१ असा जिंकला.

त्या दुपारी अधूनमधून फुटबॉल बघणाऱ्या कित्येकांना एकच प्रश्न पडला असणार. चेंडू जाळ्यात गेला, मारणाऱ्याने कुणाला ढकललं नाही, हात लावला नाही, मग गोल का नाही? पडद्यावर ‘ऑफसाइड’ असा शब्द आला आणि गेला. उत्तर चेंडूपाशी नव्हतंच. सौदीचे प्रशिक्षक एर्वे रेनार यांनी आपली बचावफळी स्वतःच्या गोलपासून बरीच पुढे, मध्यरेषेच्या दिशेने आणून ठेवली होती. पाठीमागे मोकळं मैदान सोडून हे बचावपटू एका ओळीत उभे राहत आणि अर्जेंटिनाचा पास सुटायच्या बेताला एकदम पाऊलभर पुढे सरकत. त्या एका पावलाने त्यांच्यामागे धावू पाहणारा आघाडीवीर नियमाबाहेर जात होता. यात केवढी जोखीम होती! एकाचं पाऊल मागे राहिलं असतं, तर मेस्सीसारख्या खेळाडूपुढे अर्धं मैदान उघडं पडलं असतं. अरबस्तानच्या या संघाने ती जोखीम पूर्वार्धभर पेलली, म्हणून उत्तरार्धातले ते दोन गोल कामी आले.

हे पाहायचं कसं, हे सांगण्यासाठी प्रस्तुत पुस्तक आहे. ते खेळाडूंसाठी लिहिलेलं नाही आणि रात्र रात्र जागून युरोपातले सामने बघणाऱ्या जाणत्यांसाठीही नाही. चार वर्षांनी विश्वचषक आला की टीव्हीपुढे बसणारे, मुलगा किंवा मुलगी फुटबॉलच्या क्लासला जाते म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहणारे, गावातल्या सामन्याला मित्राने ओढून नेलेले, अशा लोकांना हाताशी धरून ते खेळात आणतं.

आपली अडचण अशी की आपल्या डोळ्यांना वळण क्रिकेटने लावलं आहे. क्रिकेटमध्ये चेंडू जिथे, घटना तिथे. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू बॅटला लागेपर्यंत सगळं मैदान थांबलेलं असतं, आणि दोन चेंडूंच्या मध्ये विचार करायला, चहा घ्यायला, धावफलक वाचायला वेळ असतो. फुटबॉल असा थांबत नाही. ९० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ तो चेंडूविना खेळत असतो. म्हणजे नुसत्या चेंडूमागे नजर फिरवणारा प्रेक्षक बावीस जणांपैकी एकाचा खेळ बघतो आणि एकवीस जणांचा सोडून देतो.

मराठी माणसाला ही दुसरी नजर नवी नाही, फक्त ती त्याने इकडे वापरलेली नसते. कबड्डीचा जुना प्रेक्षक आठवावा. चढाईला आलेल्या गड्याकडे सगळे बघत असतात, हा मात्र कोपऱ्यातल्या पकड करणाऱ्याच्या पायांकडे बघतो आणि पकड व्हायच्या आधीच ‘गेला’ म्हणतो. हातात हात धरलेली साखळी पुढे कधी सरकते, मागे कधी येते, कोणता गडी कुणाची पाठ राखतो, हे त्याला न सांगता कळतं. सौदीची ती ओळ हीसुद्धा एक साखळीच होती, फक्त त्यांच्या हातात हात नव्हते.

फुटबॉलचे नियम अवघे सतरा. त्यातले बरेचसे पाच मिनिटांत समजतात. प्रत्येकी अकरा खेळाडू, ४५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये जास्तीत जास्त १५ मिनिटांची विश्रांती. गोलचे दोन खांब एकमेकांपासून ७.३२ मीटरवर, वरची दांडी जमिनीपासून २.४४ मीटरवर. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेला तर गोल. रेषेवर कणभर जरी टेकलेला असला तरी नाही. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तर दोन्ही हातांनी डोक्यामागून फेकायचा. गोलरेषेबाहेर गेला, तर शेवटी कुणाचा पाय लागला त्यावर कॉर्नर किंवा गोलकिक. पेनल्टीची खूण गोलपासून ११ मीटरवर. फ्री किकच्या वेळी पंचाने एक हात वर धरून ठेवला असेल, तर तो चेंडू थेट जाळ्यात मारून चालत नाही, मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. इतकं कळलं की सामना बघता येतो. सामना का असा चालला आहे, हे कळायला मात्र ऑफसाइडपाशी थांबावंच लागतं.

ऑफसाइडची भीती फार आणि नियम लहान. आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात आहे. त्याचा साथीदार त्याच्याकडे पास मारतो. पास मारला त्या क्षणी, पोचला त्या क्षणी नव्हे, हा खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागेत आहे. शेवटचा माणूस बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात मोजायचा तो शेवटचा बचावपटू. दोघे एका रेषेत असतील तर हरकत नाही. हात मोजायचे नाहीत, कारण हाताने गोल करता येत नाही. डोकं, धड, पाय मोजायचे. अशा जागी नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेतला तरच पंच शिटी वाजवतो. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम लागत नाही. झालं. अवघड आहे ते त्या क्षणी दोन ठिकाणी बघणं : पास मारणाऱ्याचा पाय आणि तीसेक मीटर दूरची ती रेषा. कडेला झेंडा घेऊन धावणारा सहायक पंच आयुष्यभर हेच करतो. कतारच्या स्पर्धेत त्याच्या मदतीला स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे बसवले होते आणि चेंडूत सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा संवेदक होता. यंत्रं एवढी लावली, तरी नियम तोच.

हा नियम आला कुठून? १८६३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तोवर प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. कुठे चेंडू हातात घेऊन पळत, कुठे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचाच भाग. डिसेंबरपर्यंत तेरा नियम ठरले, चेंडू घेऊन पळणं आणि नडगीवर मारणं दोन्ही गेलं, आणि ते न पटलेला ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. पण त्या तेरा नियमांतही चेंडूच्या पुढे असणारा प्रत्येक साथीदार ऑफसाइडच होता, आज रग्बीत असतो तसा. पुढे पास द्यायचाच नाही म्हटल्यावर खेळायचं कसं? एकाने चेंडू पायाशी घेऊन मुसंडी मारायची आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे लोंढ्यासारखं धावायचं. इंग्लंडचा सुरुवातीचा फुटबॉल असाच होता.

१८६६ मध्ये नियम सैल झाला. पुढे तीन प्रतिस्पर्धी असतील तर पुढच्या साथीदाराला पास देता येऊ लागला. एका वाक्यातला बदल, पण त्याने मैदानात जागा नावाची गोष्ट निर्माण केली. ती आधी ओळखली स्कॉटलंडच्या खेळाडूंनी. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ एका क्रिकेटच्या मैदानावर इंग्लंड-स्कॉटलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. गोल एकही झाला नाही. अंगापिंडाने जड इंग्लिश खेळाडू एकेकटे चेंडू घेऊन घुसत होते, आणि हलके स्कॉटिश खेळाडू तो एकमेकांना देत होते. पुढे याच स्कॉटिश खेळाडूंना इंग्लंडचे क्लब मागणी घालू लागले. पास देणं हे फुटबॉलचं सर्वांत साधं कौशल्य मानलं जातं. ते नियमाच्या एका दुरुस्तीतून जन्मलं.

या पुस्तकाचं वेगळेपण इथेच आहे. बहुतेक परिचयपर पुस्तकं आधी नियम सांगतात, मग दुसऱ्या भागात कौशल्यं, जणू दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. हे पुस्तक नियम आणि कौशल्य एकाच धाग्यात ओवतं. नियम बदलला की मैदानावरची जागा बदलते, जागा बदलली की नवं कौशल्य लागतं, ते कौशल्य फार चाललं की विरुद्ध बाजू त्याला तोड काढते, आणि खेळ कोंडला की पुन्हा नियम बदलतो. दीडशे वर्षं हे चालू आहे.

१९२५ चं उदाहरण घ्यावं. तीन माणसांच्या नियमाचा फायदा घेऊन न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनसारख्या बचावपटूंनी ऑफसाइडचा सापळा इतका पक्का केला होता की गोल होईनात. त्या वर्षी तीनऐवजी दोन माणसं पुरेशी ठरवली. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या हंगामात १,१९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १,७०३ झाले. ऑक्टोबर १९२५ मध्ये आर्सेनलने न्यूकॅसलकडून सात गोल खाल्ले. त्यानंतर आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला एक माणूस मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या आघाडीवीराला अडवणारा ‘स्टॉपर’ तो हाच. पुढे कितीतरी वर्षं जगभरचे संघ तीन बचावपटूंच्या त्या रचनेत खेळले.

दुसरी गोष्ट अनेक वाचकांच्या आठवणीतली असेल. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, सामन्याला सव्वादोनसुद्धा नाहीत. आघाडी घेतली की बचावपटूने चेंडू मागे गोलरक्षकाकडे द्यायचा, त्याने तो हातात उचलायचा, परत बचावपटूला द्यायचा, पुन्हा मागे. मिनिटं निघून जात. १९९२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कने युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीला २-० हरवलं, तेव्हाही चेंडू पुन्हा पुन्हा डॅनिश गोलरक्षक पीटर श्मायकेलच्या हातात जाताना दिसतो. काही आठवड्यांत नियम आला : साथीदाराने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. तोवर हातांवर जगणाऱ्या गोलरक्षकांना पायाने खेळायला शिकावं लागलं. आज एडरसनसारखा गोलरक्षक साठ मीटरचा पास थेट आघाडीवीराच्या पावलापाशी टाकतो, त्याचं मूळ त्या एका ओळीत आहे. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची अट गेली, आणि बचावपटू थेट गोलरक्षकाशेजारी उभे राहून लहान पासने सुरुवात करू लागले. आता गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच बोटांनी मोजून दाखवतो. नव्याने बघायला लागलेल्यांना हा पंच काय हातवारे करतोय ते कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पिवळ्या आणि लाल कार्डांचा जन्म भाषेच्या अडचणीतून झाला. १९६६ च्या विश्वचषकात वेम्ब्लीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या कर्णधाराला, आंतोनियो रातिनला, बाहेर काढलं. तो कित्येक मिनिटं मैदान सोडेना. पंचाने कुणाकुणाला ताकीद दिली हे खेळाडूंनाही नीट कळलं नव्हतं. पंचांची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन घरी परतताना सिग्नलला थांबले आणि त्यांना पिवळ्या-लाल दिव्यांवरून कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली, आणि त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही दाखवावं लागलं नाही.

हाताच्या नियमावरून मात्र आजही वाद होतात आणि होत राहतील. खांद्यापासून काखेच्या खालच्या कडेपर्यंतचा भाग हात मानत नाहीत, त्याखालचा मानतात. मुद्दाम लावलेला हात गुन्हा. हात पसरून अंगाचा आकार अनैसर्गिकपणे वाढवला असेल तरीही गुन्हा. ‘अनैसर्गिक’ म्हणजे किती, हे पंचाच्या नजरेवर सोडलेलं आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध माराडोनाने गोल करताना लावलेला हात पंचाला दिसला नाही. चार मिनिटांनी त्याच माणसाने आपल्या अर्ध्या मैदानातून निघून अर्धा इंग्लंड संघ चुकवत केलेला गोल साऱ्या जगाने डोळे भरून पाहिला. आज व्हिडिओ पंच असते, तर पहिला गोल टिकला नसता. हे व्हिडिओ पंच प्रत्येक निर्णयात पडत नाहीत हेही प्रेक्षकाने लक्षात ठेवावं. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड, अशा मोजक्याच बाबतींत ते बोलतात. आणि फळ्यावर दाखवलेला वाढीव वेळ ही खेळात वाया गेलेल्या मिनिटांची भरपाई असते. कतारमध्ये इंग्लंड-इराण सामन्याला दोन्ही डावांत मिळून २७ मिनिटांहून अधिक वेळ वाढला होता.

कौशल्याकडे वळताना हे पुस्तक कसरतीपेक्षा ‘पहिल्या स्पर्शा’वर जास्त रेंगाळतं, आणि ते योग्यच आहे. ४ जुलै १९९८, विश्वचषक, मार्सेय. नेदरलँड्स आणि अर्जेंटिना १-१ अशा बरोबरीत, शेवटचं मिनिट जवळ आलेलं. फ्रँक डी बोअरने स्वतःच्या अर्ध्यातून उंच चेंडू मारला. तो पन्नास-साठ मीटर हवेतून येतोय आणि डेनिस बर्गकॅम्प मान वर करून उजव्या कोपऱ्याकडे धावतोय. तो उडी घेतो, उजवं पाऊल पुढे लांबवतो, आणि चेंडू त्या पावलावर मेल्यासारखा पडतो. एवढ्या वेगाने आलेला चेंडू शांत करायचा तर पाय चेंडूवर मारायचा नसतो, चेंडूबरोबर किंचित मागे न्यायचा असतो; झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो तसा. दुसऱ्या स्पर्शाने तो चेंडू समोर आलेल्या आयालाच्या पायांमधून आत घेतो. तिसरा स्पर्श पावलाच्या बाहेरच्या बाजूने, चेंडू दूरच्या वरच्या कोपऱ्यात. तीन स्पर्श, एकच पाय. गोल तिसऱ्या स्पर्शाचा म्हणून नोंदला गेला, पण सामना पहिल्याने जिंकला. पहिला स्पर्श फूटभर लांब पडला असता तर उरलेले दोन झालेच नसते.

हे एकदा डोळ्याला लागलं की साध्या सामन्यातही ते दिसू लागतं. चेंडू येण्याआधी मधल्या फळीतला खेळाडू दोन-तीनदा मान वळवून मागे बघतो का? चेंडू घेताना अंग असं वळवतो का, की पुढचा पास आपोआप मोकळ्या बाजूला जावा? बचावपटू आघाडीवीरावर झेपावतो, की नुसता पुढे उभा राहून त्याला कडेकडे ढकलत नेतो? उत्तम बचावपटूची चड्डी मातीने माखलेली दिसत नाही. जागा चुकलेल्याला शेवटी घसरून टॅकल करावं लागतं, जागेवर असलेल्याला तशी वेळ क्वचित येते. वळणाऱ्या फ्री किकचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. १९९७ मध्ये फ्रान्सविरुद्ध रॉबेर्तो कार्लोसने ३५ मीटरवरून मारलेला चेंडू भिंतीच्या बाहेरून जाऊन आत वळला तेव्हा गोलरक्षक बार्तेझ जागचा हललाही नव्हता. डाव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूने चेंडूला दिलेली फिरकी, तिच्यामुळे चेंडूच्या दोन बाजूंच्या हवेत पडणारा फरक आणि त्या फरकाने वळणारा चेंडू. स्विंग आणि फिरकी समजणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे विज्ञान वेगळं शिकवावं लागत नाही.

शैलींचा इतिहासही जागेचाच इतिहास आहे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. नऊ नंबरचा हिदेगकुटी पुढे न थांबता मागे येऊन खेळत होता. त्याच्यामागे जावं तर मध्ये खिंडार, न जावं तर तो मोकळा; इंग्लंडच्या स्टॉपरला शेवटपर्यंत उमगलं नाही. चॅपमनच्या १९२५ च्या उत्तराला मिळालेलं हे उत्तर होतं. ब्राझीलने १९५८ मध्ये चार बचावपटू, दोन मध्ये, चार पुढे अशी रचना आणि सतरा वर्षांचा पेले घेऊन विश्वचषक नेला. इटलीत हेलेनियो हेरेरांच्या इंटरने ‘कातेनाचो’ नावारूपाला आणला. या शब्दाचा अर्थच दाराचा अडसर. बचावाच्या ओळीमागे एक मोकळा माणूस ठेवायचा, दार बंद करून बसायचं आणि संधी मिळाली की झटका द्यायचा. डचांनी दारंच काढून टाकली. रिनस मिशेल्स आणि योहान क्रॉइफ यांच्या संघात बचावपटू पुढे जाई, आघाडीवीर त्याची जागा घेई. चेंडू आपल्याकडे असला की मैदान मोठं करायचं, नसला की लहान. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला पाय लागण्याआधी डचांना पेनल्टी मिळाली होती. सामना जर्मनीने २-१ जिंकला, तरी लोकांच्या लक्षात डच खेळ राहिला. क्रॉइफ पुढे बार्सिलोनाचे प्रशिक्षक झाले, त्यांच्या हाताखाली खेळलेल्या ग्वार्डिओलाने तोच विचार लहान पासांच्या जाळ्यापर्यंत नेला, आणि त्याला क्लॉपसारख्या प्रशिक्षकांनी उत्तर दिलं ते चेंडू गमावल्या क्षणी तुटून पडून तो परत मिळवण्याचं. आजचा कोणताही संघ बघा, या सगळ्यांचे अंश त्यात मिसळलेले दिसतील.

आणि आपण? मराठी वाचकाला फुटबॉल हा परदेशी खेळ वाटत असेल, तर ती आपल्या विस्मरणाची खूण आहे. रोव्हर्स कप मुंबईत १८९१ मध्ये सुरू झाला आणि पुढे कूपरेजच्या गॅलऱ्यांनी देशभरचे संघ पाहिले. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे, गोव्याच्या आसगावचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा गडी. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला आघाडीवर खेळवलं, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोलही केला. हा निर्णय मैदानावरची जागा वाचणाऱ्या माणसाचा होता. तो जगातल्या कुठल्याही प्रशिक्षकाच्या बरोबरीने सांगितला गेला पाहिजे.

गोव्यात तर फुटबॉल घराचा. भातकापणी झाली की रिकाम्या शेतात गोल उभे राहतात. आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांची, म्हणजे २००७-०८ ते २०१२-१३ पर्यंतची, सगळीच्या सगळी विजेतेपदं डेम्पो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन गोमंतकीय क्लबांनी जिंकली. भारताचा कर्णधार झालेला गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर याच भूमीतला. कोल्हापुरात संघांच्या नावातच तालीम आहे : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या पेठांनी हा खेळ आपला केला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की गॅलरीत जागा मिळत नाही, आणि विश्वचषक आला की चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

मुलींचा फुटबॉलही आता आपल्या दारात आला आहे. १९२१ मध्ये इंग्लंडच्या असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळायला बंदी घातली, आणि ती पन्नास वर्षं टिकली. त्याआधीच्याच डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर स्त्रियांचा एक सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. तो इतिहास दडपला गेला, म्हणून आज सगळं नव्याने चालल्यासारखं वाटतं. २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. ज्या पुण्या-मुंबईच्या मुली त्या विश्वचषकाच्या गॅलऱ्यांत बसल्या होत्या, त्यांच्या आईवडिलांनाही हे पुस्तक उपयोगी पडेल.

आताच याची गरज का, याचं उत्तर या सगळ्यात आहे. विश्वचषक ४८ संघांचा आणि १०४ सामन्यांचा झाला आहे. जगभरचे सामने हातातल्या फोनवर आले आहेत. नियमांत दरवर्षी काही ना काही दुरुस्ती होते आणि समालोचक ती समजावत बसत नाहीत. बघणारे वाढले, बघायला शिकवणारे मराठीत मोजकेच राहिले. बहुतेक मजकूर खेळाडूंच्या बदल्या, रकमा आणि वादांचा असतो. खेळ कसा चालतो हे सांगणारं लेखन फार थोडं. जाणता प्रेक्षक नसेल तर स्थानिक फुटबॉललाही बळ मिळत नाही, कारण गॅलरीला फक्त गोल कळत असला की चांगल्या बचावपटूला, चांगल्या पंचाला कुणी विचारत नाही.

पुस्तकाने स्वतःवर काही मर्यादा घालून घेतल्या आहेत आणि त्या मनापासून पटतात. यात विक्रमांच्या याद्या नाहीत, सर्वश्रेष्ठ कोण हा वाद नाही, प्रशिक्षकांसाठी सराव नाहीत. प्रत्येक नियम एखाद्या खऱ्या सामन्यातून आणि प्रत्येक कौशल्य एखाद्या खऱ्या क्षणातून उलगडतं. शब्द मैदानावरचेच ठेवले आहेत. पास, टॅकल, कॉर्नर, ऑफसाइड हे शब्द कोल्हापूरच्या पेठेत आणि मडगावच्या गॅलरीत शंभरदा उच्चारले जातात. त्यांच्या जागी कुणी न वापरलेले जड पर्याय आणले असते तर वाचक खेळापासून दूरच गेला असता.

एक गोष्ट लेखकाने वारंवार सांगितली आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे मैदानाचा जो भाग बघायला हवा, तो पुष्कळदा चौकटीबाहेर राहतो. म्हणून पुस्तक हातात घेऊन एकदा तरी प्रत्यक्ष सामन्याला जावं, मग तो शाहू स्टेडियमवरचा असो, फातोर्ड्याचा असो की गावच्या शेतातला. गॅलरीत शक्य तितकं उंच बसावं. पहिली दहा मिनिटं डाव्या बगलेच्या बचावपटूवरच नजर ठेवावी. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा राहतो, आत किती सरकतो, शेजाऱ्याला हाताने काय खुणावतो, पास सुटायच्या बेताला पुढे येतो की मागे जातो. त्या दहा मिनिटांत कदाचित गोल होईल आणि तो पाहायचा राहून जाईल; तेवढी किंमत मोजायला हरकत नाही.